पीसी फक्त रात्रीच का बंद पडत होता?

मागं पंख्याची घरघर ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या. धाराशिवमध्ये मार्च लागला की पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या टेबलावरचा आहे. गेमिंग पीसी. यूट्यूब बघा, गाणी ऐका, प्रोजेक्ट टाईप करा, दिवसभर गुणी बाळासारखा चालतो. गेम लावला, दहा-पंधरा मिनिटं झाली, आणि टक्. स्क्रीन काळी, पंखे बंद, सगळं बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही सूचना नाही. मागून कुणीतरी प्लगच उपटला असं वाटतं.

यावर मी दहा कारणांची यादी वाचून दाखवू शकतो. पण तसल्या याद्या तुम्ही भरपूर बघितल्यात, आणि यादी वाचून माणूस पहिल्यांदा थर्मल पेस्ट आणायला पळतो. म्हणून आज एकच केस सांगतो. घरातलीच आहे. आणि मी स्वतः तीत दोन वेळा चुकीच्या दिशेनं गेलोय, तेही सांगतो.

माझा मामेभाऊ कळंब तालुक्यात राहतो. गावात नाही, गावापासून लांब शेतातल्या वस्तीवर. त्यानं पीसी जोडला तो असा: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम. अर्धे पैसे मामांनी सोयाबीनच्या पट्टीतून दिलेले, अर्धे त्यानं लग्नाच्या शूटिंगला कॅमेरे धरून कमावलेले. दिवसा कॉलेज, रात्री लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, आणि एडिटिंग झालं की जीटीए. आता एडिटिंग आधी की जीटीए आधी, हा आमच्या घरातला वादाचा मुद्दा आहे, त्यात मी पडत नाही.

जानेवारीत त्याचा रात्री अकराला फोन. "दादा, परत गेला."

परत, म्हणजे त्या आठवड्यात चौथ्यांदा. या वेळी गेम नव्हता. एका लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावलेला, तीन तासांचं काम, ८० टक्क्यांवर आलं आणि पीसी बंद. नवरीकडच्यांना दोन दिवसांत पेन ड्राइव्ह द्यायचा शब्द दिलेला.

त्याआधी तो पीसी एका दुकानात दाखवून आला होता. त्यांनी दिवसभर चालवून बघितला, बंद पडला नाही. तरी सांगितलं की कार्ड वीक झालंय, आम्हाला द्या, आणि जी किंमत सांगितली ती त्यानं दिलेल्या पैशांच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. मामांचं मत आणखी सोपं होतं. "गेम खेळून खेळून मशीन जाळलंस. विकून टाक एकदाचं."

तर प्रश्न एवढा होता. कार्ड विकायचं की नाही. विकलं असतं तर एडिटिंगही गेलं असतं आणि पोरानं वडिलांचे पैसे घालवले हे घरात कायमचं ठरलं असतं.

मी फोनवरच त्याला पहिला प्रश्न विचारला, तो तुम्हीही लक्षात ठेवा: बंद पडल्यावर परत चालू कसा होतो? यात तीन तऱ्हा असतात. एक, बटण दाबलं तरी काही होत नाही, एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून किंवा प्लग काढून थोडं थांबावं लागतं, मग चालू. याचा अर्थ बहुतेक वेळा असा की एसएमपीएसनं स्वतःहून हात वर केलेत, जास्त करंट ओढला गेला म्हणून त्याचं संरक्षण लागलं आणि ते रिसेट होईपर्यंत तो ऐकत नाही. दोन, लगेच चालू केला तर थोड्या वेळात परत बंद, पण अर्धा तास गार होऊ दिला तर बरा चालतो. इथं उष्णतेचा संशय घ्या. तीन, बटण दाबलं की लगेच चालू, जणू काही झालंच नाही. किंवा आपोआपच रिस्टार्ट.

त्याची तऱ्हा तिसरी. हा पुरावा नाही बरं का, नुसता वास आहे. वास असा की मशीनच्या आत काही जळालेलं नाही, आणि वीज क्षणभर कमी पडली असावी.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. तिथं लाल रंगात दिसतं "कर्नल-पॉवर ४१". हे दिसलं की लोक म्हणतात एसएमपीएस गेला. तसं नाही. ४१ एवढंच सांगतो की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. प्लग काढला तरी ४१, लाईट गेली तरी ४१, बटण दाबून धरलं तरी ४१. त्यातला बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला कारण लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, इतकंच कळतं. विंडोज बिचारं शेवटचं कळणारं पाहुणं आहे.

तापमानाचं लवकर उरकतो. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात लॉगिंग चालू करायचं, ते दर दोन सेकंदांनी आकडे फाईलमध्ये लिहितं. पीसी मेला तरी फाईल राहते. शेवटची ओळ बघायची. त्याच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७४ अंश, कार्ड ७१. रायझन ३६०० ची मर्यादा ९५ आहे. शिवाय उष्णता सहसा सांगून येते: पंखे ओरडतात, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पीसी असेल तर तुमची गोष्ट वेगळी, धूळ साफ करा, कॅबिनेट भिंतीपासून लांब घ्या. पण ही जानेवारीतली रात्र होती. पोरगं स्वेटर घालून गेम खेळत होतं.

माझी पहिली चूक इथं झाली. मी ठामपणे सांगितलं, एसएमपीएस कमी पडतोय. त्याला स्टिकरचा फोटो पाठवायला लावला. वर मोठ्या अक्षरात ४५०. पण खाली जी बारीक अक्षरांची चौकट असते, तिच्यात १२ व्होल्टचा रकाना बघायचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. तिथं लिहिलेलं २४ अँपिअर. बारा गुणिले चोवीस, २८८ वॉट. म्हणजे ४५० चा एसएमपीएस खऱ्या कामाला २८८ चा. तुमच्याकडं असेल तर आत्ता पॉडकास्ट थांबवून बघून या, बऱ्याच स्वस्त एसएमपीएसची हीच कथा आहे.

आता मागणी किती? १६६० सुपरची रेटिंग १२५ वॉट. रायझन ३६०० पूर्ण जोरात ८८ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरून आणखी चाळीस-पन्नास. बेरीज अडीचशेच्या पुढं. म्हणजे कसंबसं बसतंय. ठणठणीत नाही, पण बसतंय.

एक पैसाही न घालता करायची चाचणी त्याला सांगितली. आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ७० वर आणायची, आणि गेममध्ये फ्रेम रेट ६० ला बांधायचा. गेम थोडा हळू होतो, पण कार्ड वीज कमी खातं. तापमान ठीक असताना यानं फरक पडला तर गडबड विजेच्या वाटेवर आहे. फरक पडला. रोजचं बंद पडणं तीन-चार दिवसांतून एकदा झालं. पण पूर्ण थांबलं नाही. हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

मी म्हटलं, घेऊन ये इकडं. तर हा गडी कॅबिनेट गोधडीत गुंडाळून, मोटारसायकलवर मित्राच्या मांडीवर ठेवून येरमाळ्यावरून धाराशिवला आला. ग्राफिक कार्ड काढून वेगळ्या पिशवीत आणलेलं, एवढी अक्कल चांगली वापरली. जड कार्ड बोर्डात तसंच ठेवून खड्ड्यांतून नेलं तर खाच मोडते.

माझ्या घरी लावला. आधी फक्त प्रोसेसरवर ताण, प्राइम९५. मग फक्त कार्डवर, फरमार्क. मग दोन्ही एकदम. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकट्यानं बंद पडला तर कुणामुळं ते कळतं. चार तास. माझी खोली गरम झाली, आईनं दोनदा येऊन विचारलं हे विमान कधी उतरणार, पण पीसी बंद पडला नाही.

मी चाटच पडलो. केबल सगळ्या काढून घट्ट बसवल्या, धूळ काढली, आणि मोठ्या थाटात सांगितलं, "केबल लूज होती, झालं काम." ही दुसरी चूक. तो घरी गेला. दुसऱ्या रात्री फोन. "दादा, परत गेला."

दुकानात चालतो, धाराशिवला चालतो, वस्तीवर बंद पडतो. मशीन तेच. मग बदललं काय? जागा बदलली. जागेबरोबर भिंतीतली वीज बदलली. मी त्याला विचारलं, बंद पडतो तेव्हा वाजलेले किती असतात? तो म्हणाला रात्रीच. मग मीच विचारलं, दुपारी कधी गेम लावतोस का? तर नाही, दुपारी कॉलेज. रविवारी दुपारी लावला तर चार तास चालला.

मग प्लगमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर आणला, इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. मल्टिमीटरच्या सुया सॉकेटमध्ये घालू नका, सवय नसेल तर तो प्रकार जिवावरचा आहे. त्याला सांगितलं, वहीत वेळ आणि आकडा लिहीत जा. पोरानं आठ दिवस लिहिलं. त्यातली एक रात्र वाचून दाखवतो. दुपारी ३, २२६. संध्याकाळी ७, २०४. रात्री १०, थ्री फेज आली, १७४. दहा वाजून चाळीस मिनिटं, आकडा झपकन १५२ वर, दोन सेकंदांनी परत १७२. आणि पुढं लिहिलंय, "पीसी गेला".

आपल्याकडं घरात २३० व्होल्ट अपेक्षित असतात. गावठाणाची लाईन शेतीपासून वेगळी केलेली असेल तर गावात एवढा फरक पडत नाही. पण वस्ती शेतीच्या लाईनवर असते. रब्बीत हरभऱ्याला, उसाला पाणी. थ्री फेज पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री. त्या महिन्यात रात्रीची पाळी. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच वेळी चालू. आणि मोटार सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढते. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना चाळीसच्या आसपास. तेवढा वेळ आख्ख्या लाईनचं व्होल्टेज बसतं.

आता कुणीही विचारेल, व्होल्टेज पडलं तर पीसी नेहमीच बंद पडायला हवा. फक्त गेममध्येच का? मला हाच भाग सगळ्यात आवडतो, थोडं लक्ष द्या.

एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. त्याला हौद समजा. लाईनमधून हौद भरतो, खालच्या नळानं पीसी पाणी घेतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हौद सेकंदाला १०० वेळा भरला जातो, दर १० मिलिसेकंदांनी एकदा. मधल्या वेळात हौदात आहे त्यावर भागवायचं. आणि गंमत ही की हौदातला साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० चे १६० झाले तर वाटतं तीस टक्के कमी झालं. वर्ग करून बघा. साठा निम्म्याहूनही खाली येतो. त्यात एसएमपीएसला ठरावीक पातळीच्या खालचं पाणी उपसताच येत नाही, म्हणजे उपयोगाचं उरतं आणखी कमी.

डेस्कटॉपवर पीसी साठ-सत्तर वॉट घेतो. नळ थेंबथेंब. अर्धा हौद पुरतो. गेममध्ये अडीचशे. नळ पूर्ण सोडलेला. हौद पुढच्या भरण्याआधी तळाला जातो, एसएमपीएस मदरबोर्डला सांगतो माझ्याकडून होत नाही, आणि टक्. म्हणून फक्त गेममध्ये, फक्त एक्सपोर्टमध्ये, फक्त रात्री. म्हणूनच ७० टक्क्यांच्या लिमिटनं कमी झालं पण थांबलं नाही. म्हणूनच माझ्याकडं २२८ व्होल्टवर चार तास काही झालं नाही. कार्ड एकदम धडधाकट होतं.

चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाची सोय असते. ती भिंतीत २३० असोत की १५०, आतला हौद पंप लावून जवळपास ३८० व्होल्टच्या एकाच पातळीला भरत राहते. स्टिकरवर इनपुट "१००-२४०" लिहिलेलं असतं ते त्यामुळंच. याच्या स्टिकरवर होतं "२००-२४०". म्हणजे कंपनीनं लिहूनच दिलेलं की दोनशेच्या खाली आमचा भरवसा धरू नका. आम्ही दोघांनी तो फोटो तीन वेळा बघितला होता, आणि तिन्ही वेळा नजर वॉटवर.

मग कार्ड विकलं नाही. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ, १००-२४० इनपुटवाला एसएमपीएस घेतला. जुना फेकला नाही, पण उघडलाही नाही. तुम्हीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्या हौदात जीव घेण्याइतकी वीज राहते. त्याचबरोबर वायरमनकडून थ्री पिनचं अर्थिंग करून घेतलं, कारण तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तुमच्याकडंही बहुतेक तेच आहे. आणि बोर्डवरून काढून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला. व्होल्टेज कमी झालं की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो, आणि ढिल्या एक्स्टेन्शन बोर्डची पिन वितळते.

स्टॅबिलायझर का नाही? रात्रभर १७४ राहतं, त्याला स्टॅबिलायझर चालेल. पण साधा रिलेवाला टक टक करत टप्पा बदलतो, मोटारीच्या झटक्याला तो उशिरा पोचतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ पीसीला जास्त होतो. आणि ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घेणार असाल तर तो साधारण ३६० वॉटचाच असतो. त्यावर गेम नाही, फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता धरा.

शहरात राहणारे म्हणतील आमच्याकडं व्होल्टेज बरोबर आहे, तरी बंद पडतो. मोठी कार्डं असतील तर दुसरी गोष्ट बघा. नवी ताकदीची कार्डं काही मायक्रोसेकंदांसाठी रेटिंगच्या कितीतरी वर उडी मारतात. सरासरी आकडा ठीक दिसतो, उडी एसएमपीएसला सहन होत नाही. म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं, त्यात एसएमपीएसनं १०० मायक्रोसेकंदांपुरता रेटिंगच्या दुप्पट भार सोसावा असं आहे. कार्डाला दोन पॉवर सॉकेट असतील तर एकाच केबलचे दोन फाटे लावू नका, दोन वेगळ्या केबल लावा. आणि फ्रेम रेटला लगाम ठेवा. जुलै २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्ड गेमच्या बीटात काही आरटीएक्स ३०९० कार्डं मेली होती. कार्ड बनवणाऱ्या ईव्हीजीएनं पुढं सदोष सोल्डरिंगचं कारण सांगितलं, पण गेमच्या नुसत्या मेनूतही फ्रेम रेट मोकाट पळत होता, तो नंतर बांधला गेला. मेनूत काय ताण येणार, असं समजू नका.

तर वस्तीवर परत. नवीन एसएमपीएस बसवला त्या रात्री भावानं मुद्दाम दहा वाजता एक्सपोर्ट लावला आणि मीटर बघत बसला. दहा चाळीसला आकडा १५१. पीसी चालू. व्हिडिओ उशिरा गेला, नवरीकडच्यांनी पैसे थोडे कापले, पण गेला.

मग त्याच्या डोक्यात आलं की दहा चाळीसलाच का? रोज? बाहेर जाऊन बघितलं. त्यांच्याच विहिरीवर मामा मोटार चालू करत होते. जेवण, बातम्या, तंबाखू, मग मोटार. घड्याळ लावून घ्यावं असा नेम. "मशीन जाळलंस" म्हणणाऱ्या माणसाची मोटारच रोज रात्री पोराचा पीसी बंद करत होती!

हे मामांना सांगायला मी स्वतः गेलो. मला वाटलं चिडतील. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावला, आठही दिवसांचे आकडे बोट ठेवून वाचले. १५२ वर बोट थांबलं. म्हणाले, "मग आपली मोटार दोनदा जळाली ती पण यानंच का?"

मी म्हटलं, मामा, असू शकतं. व्होल्टेज कमी पडलं की मोटार जास्त करंट ओढते, गरम होते, वाइंडिंग जळतं. दोन्ही वेळी रिवाइंडिंगचा खर्च त्यांनी केलेला, आणि दोन्ही वेळी दोष वाइंडरच्या तारेला दिलेला.

पुढच्या रविवारी त्या डीपीवरचे सात-आठ शेतकरी मामांच्या ओट्यावर बसले. मध्ये ती वही. बऱ्याच जणांच्या मोटारीला ऑटोस्विच आहे, म्हणजे लाईट आली की मोटारी एकदमच सुरू होतात आणि सगळा झटका एकत्र बसतो. कुणी ऑटोस्विच काढायला तयार झाले, कुणी म्हणाले रात्री बारा वाजता विहिरीवर कोण जाणार, आणि त्यांचंही खोटं नाही. मोटारीला कपॅसिटर बसवायचं मात्र चौघांनी कबूल केलं. डीपीची क्षमता वाढवून मिळावी म्हणून अर्ज लिहिला. तो भावानं त्याच पीसीवर टाईप केला, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स लावल्या. अर्ज दिलाय, पोच घेतलीय. अजून कुणी बघायला आलेलं नाही.

मामांनी वही परत दिली नाही. आता आकडे ते लिहितात. परवा फोनवर मला म्हणाले, काल रात्री १६८ होतं, मोटार चालू नाही केली.

चला, पुढच्या भागात सेकंडहँड ग्राफिक कार्ड घेताना काय बघायचं ते बोलू. तोपर्यंत तुमच्या एसएमपीएसचा स्टिकर बघून ठेवा, वॉटच्या खाली इनपुटचीही ओळ. भेटू.